ओझे, उंची आणि वाकणारा दांडा

पेडणे तालुक्यातील चोपडे हे गाव शापोरा नदीच्या उत्तर तीरावर वसलेले आहे. समोरच्या तीरावर बार्देशातील शिवोली. आज या दोन तीरांना पुलाने जोडले आहे. पूल होण्यापूर्वी फेरीबोट आणि होडी यांवाचून पलीकडे जाण्यास जवळचा मार्ग नव्हता. उथळ पाण्यात होडी पुढे सारताना होडीवाला लांब बांबू तळाच्या चिखलात रोवतो आणि त्यावर अंगाचा भार टाकतो. जोर बेताचा असेल तोवर बांबू सरळ राहतो. जोर थोडा अधिक झाला की मधोमध त्याला बाक येतो. होडीवाला ते ओळखून हात खाली सरकवतो. हात आणि चिखल यांमधील अंतर कमी होते आणि तोच बांबू तेवढाच जोर निमूटपणे सोसतो. हीच होडी दोरीने ओढावयाची असेल, तर दोरी कितीही लांब असली तरी तिला बाक येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ताणाखाली लांब वस्तू सरळ होते; दाबाखाली ती वाकू पाहते. होडीवाल्याने हे पुस्तकात वाचलेले नसते, त्याच्या तळहातांना ते ठाऊक असते.

आजच्या भाषणाचा विषय जो स्क्रू जॅक, त्याच्या निवडीचे सारे मर्म होडीवाल्याच्या या बांबूत साठलेले आहे.

स्क्रू जॅक ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. रस्त्याच्या कडेला चाक बदलण्यासाठी थांबलेल्या गाडीखाली तो दिसतो. जुन्या घराची तुळई खचली असता तिला खालून आधार देताना तो दिसतो. स्लॅबच्या सेंटरिंगखाली जे लोखंडी टेकू उभे करतात, त्यांना तर कामगार जॅक याच नावाने ओळखतात. त्याची रचना साधी असते. आटे पाडलेला एक पोलादी दांडा, त्यावर फिरणारा नट आणि खाली रुंद बैठक. दांड्याचा एक पूर्ण फेरा झाला की ओझे आट्याच्या एका घराइतके, म्हणजे केवळ काही मिलिमीटर, वर जाते. फेरे पुष्कळ मारावे लागतात, परंतु त्या मोबदल्यात अल्प बळाने मोठे ओझे उचलले जाते. नेहमीच्या जॅकच्या आट्यांचा उतार इतका मंद असतो की हात सोडला तरी घर्षणामुळे ओझे आपोआप खाली घसरत नाही. जेथे थांबवावे तेथे थांबणे हा या यंत्राचा मोठा गुण होय.

या गुणामुळेच मनुष्य त्यावर विसंबतो. दुकानात गेलेला गिऱ्हाईक एवढेच विचारतो, "किती टनांचा आहे?" दुकानदार आकडा सांगतो, पैसे दिले जातात आणि जॅक गाडीत पडतो. वस्तुतः हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा की, इतके टन कोणत्या उंचीपर्यंत? हा दुसरा प्रश्न विचारला न गेल्यामुळे जे धोके संभवतात, ते यंत्राच्या दोषातून नव्हे तर निवडीच्या दोषातून निर्माण होतात.

पोलादी दांड्यावर वरून भार पडला असता तो दोन निरनिराळ्या रीतींनी निकामी होऊ शकतो. पहिली रीत चिरडण्याची. दांडा आखूड आणि जाड असेल, तर भार वाढत वाढत जाऊन पोलादाची सोसण्याची शक्ती संपते आणि मग ते दबते. येथे दांड्याच्या छेदाचे क्षेत्रफळ आणि पोलादाची ताकद या दोनच गोष्टींना महत्त्व आहे. दुसरी रीत बाक येण्याची. दांडा लांब आणि सडपातळ असेल, तर पोलाद दबण्याच्या पुष्कळ आधीच तो एकाएकी बाजूला वाकतो. शाळेतील मुलाने आपली तीस सेंटीमीटरची पातळ पट्टी दोन तळहातांमध्ये उभी धरून दाबून पाहावी. थोड्याच जोराने ती धनुष्यासारखी वाकेल. त्याच पट्टीचा पाच-सहा सेंटीमीटरचा तुकडा तशाच रीतीने दाबला, तर तळहात दुखतील, पण तुकडा वाकणार नाही. पट्टीचे द्रव्य तेच, रुंदी तीच, जाडी तीच. बदलली ती केवळ लांबी.

बाक येण्याच्या या रीतीत एक मोठी भीती आहे. चिरडणारी वस्तू बहुधा थोडीफार सूचना देते. सडपातळ दांडा मात्र ठरावीक मर्यादेपर्यंत सरळ उभा राहतो, पाहणाऱ्याला तो भक्कम वाटतो, आणि मर्यादा ओलांडताच तो इतक्या झपाट्याने वाकतो की खाली असलेल्या माणसाला हात काढून घेण्यासही अवधी मिळत नाही. एकदा बाक आला की भार त्या बाकालाच अधिक वाढवू लागतो. वाकण्यातून अधिक वाकणे उत्पन्न होते.

ही मर्यादा गणिताने सांगण्याचे श्रेय लेओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाकडे जाते. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे 1707 साली जन्मलेल्या या पुरुषाचे बहुतेक आयुष्य रशियातील सेंट पीटर्सबर्ग आणि जर्मनीतील बर्लिन येथे गेले. लवचीक दांडे भाराखाली कसे वाकतात याचा विचार त्याने 1744 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. त्या काळी स्क्रू जॅक घेऊन रस्त्यावर थांबणाऱ्या गाड्या नव्हत्या; तथापि त्याने शोधलेला नियम आज प्रत्येक जॅकला लागू पडतो.

नियमाचे सार तीन वाक्यांत सांगता येईल. दांड्याची मोकळी लांबी दुप्पट केली, तर बाक आणणारा भार चौथाई होतो. दांड्याचा व्यास दुप्पट केला, तर तो भार सोळा पटींनी वाढतो. आणि पोलादाची ताकद नव्हे, तर त्याची ताठरता येथे उपयोगी पडते. हे तिसरे वाक्य बहुतेकांना चकवते. महागडे, अधिक ताकदीचे पोलाद वापरले म्हणजे लांब स्क्रू वाकणार नाही, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु साध्या पोलादाची आणि उंची पोलादाची ताठरता जवळजवळ सारखीच असते. म्हणून लांब, सडपातळ दांड्याच्या बाबतीत उंची पोलादावर केलेला खर्च बाक टाळण्याच्या कामी व्यर्थ जातो. तोच पैसा व्यास वाढवण्यात घातला, तर कारणी लागतो.

एक उदाहरण घेऊन हे आकड्यांत पाहणे इष्ट ठरेल. एका स्क्रूचा बाहेरचा व्यास 36 मिलिमीटर आहे आणि आट्यांच्या तळाशी उरणारा गाभा 29 मिलिमीटरचा आहे. पोलाद साधे आहे. केवळ चिरडण्याचा विचार केला, तर हा गाभा सुमारे 17 टनांपर्यंत टिकेल. आता हा स्क्रू खाली घट्ट धरलेला आहे आणि वरचे टोक मोकळे आहे असे समजावे. तो 25 सेंटीमीटर बाहेर आला असता सुमारे 14 टनांना हार खाईल. 50 सेंटीमीटर बाहेर आला, तर सुमारे 7 टनांना वाकेल. आणि एक मीटर बाहेर आला, तर अवघ्या पावणेदोन टनांना वाकेल. दांडा तोच, पोलाद तेच. सतरा टनांचा मल्ल एका मीटरवर पावणेदोन टनांचा दुबळा झाला.

शिवाय हे आकडे मोडण्याच्या सीमेचे आहेत, काम करण्याचे नव्हेत. प्रत्यक्षात भार कधी नेमका मध्यावर बसत नाही, दांडा कधी अगदी सरळ नसतो, जमीन कधी सर्वत्र सारखी नसते. म्हणून व्यवहारात सीमेच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाएवढाच भार देण्याची प्रथा आहे. चौथा हिस्सा धरला, तर वरील स्क्रूने 50 सेंटीमीटरवर पावणेदोन टन आणि एक मीटरवर अर्ध्या टनाहूनही कमी ओझे घ्यावे. एखाद्या भरलेल्या टेम्पोच्या बाजूखाली असा स्क्रू पुरता बाहेर काढून ठेवणे म्हणजे काय, हे याहून अधिक स्पष्ट करण्याची गरज नाही.

येथे गाभ्याचा व्यास का घेतला, हेही समजून घेतले पाहिजे. आट्यांचे कंगोरे ओझे नटाकडे पोहोचवतात. दांडा सरळ ठेवण्याचे काम मुख्यतः गाभाच करतो. मोजणाऱ्याने बाहेरून 36 मिलिमीटर मोजले आणि तोच आकडा हिशेबात धरला, तर 50 सेंटीमीटरच्या स्क्रूचे उत्तर 7 टनांऐवजी साडेसोळा टन येईल. सात मिलिमीटरच्या चुकीने ताकद दुपटीहून अधिक फुगते, कारण व्यासाचा चौथा घात हिशेबात येतो. तसेच ऑयलरचा नियम फक्त सडपातळ दांड्यांसाठी आहे, हे विसरून चालणार नाही. वरील 25 सेंटीमीटरच्या स्क्रूला तोच नियम लावला, तर 28 टन असे उत्तर येईल. पण पोलाद त्याच्या आधीच दबते. म्हणून आखूड दांड्यासाठी अभियंते वेगळे सूत्र वापरतात आणि वर दिलेला 14 टनांचा आकडा त्या सूत्राने आलेला आहे.

लांबी आणि व्यास यांच्याइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट म्हणजे दांड्याची टोके कशी धरली आहेत. खाली घट्ट आणि वर मोकळा असा दांडा सर्वांत दुबळा. ध्वजाच्या काठीसारखी त्याची स्थिती असते. दोन्ही टोके बाजूला सरकू शकत नाहीत, पण वळू शकतात, असे असेल तर तोच दांडा चौपट भार सोसतो. एक टोक घट्ट आणि दुसरे नुसते अडवलेले असेल, तर सुमारे आठपट. दोन्ही टोके घट्ट आवळलेली असतील, तर गणिताने सोळापट. अर्थात मध्येच पोलाद दबण्याची सीमा आडवी आली नाही तर. गाडीखालचा जॅक यांपैकी कोणत्या वर्गात मोडतो? गाडी दोन चाकांवर डुलू शकते, वरचे टोक केवळ टेकलेले असते. म्हणजे तो सर्वांत दुबळ्या वर्गात मोडतो. असे असूनही माणसे त्याच्यावर सर्वाधिक भरवसा टाकतात.

गोव्याच्या खेड्यांत मांडव घालणारी माणसे टोकांचे आणि आधाराचे हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या पाळत आली आहेत. पोफळीचे सडपातळ खांब उभे केल्यावर ती माणसे मधल्या उंचीवर आडवे बांबू बांधतात. या आडव्या बांबूंवर छपराचे ओझे मुळीच नसते. खांबाला मध्यावर बाजूला सरकू न देणे एवढेच त्यांचे काम. पण तेवढ्याने खांबाची मोकळी लांबी निम्मी होते आणि ताकद चौपट होते.

याच विचाराचे सर्वांत बोधप्रद उदाहरण पाण्याच्या दारांत सापडते. चोपडे-आगरवाडा या भागाला भरती-ओहोटीचे पाणी नवे नाही. आगरवाड्याची मिठागरे प्रसिद्ध आहेत. गोव्यातील खाजन जमिनी बांधांच्या आधाराने खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या असतात आणि बांधात मानस असते. मानसीची जुनी लाकडी दारे स्वतःच चालतात. ओहोटीला आतले पाणी त्यांना बाहेर ढकलून उघडते, भरतीला बाहेरचे पाणी त्यांना आत दाबून मिटवते. तेथे स्क्रूही नाही आणि बाक येण्याचा प्रश्नही नाही. परंतु जेथे लोखंडी पडदा वर-खाली सरकवून पाणी रोखावयाचे असते, अशा बंधाऱ्यांवर आणि कालव्यांवर स्क्रूचा दांडा येतो. ज्या तिळारी नदीचे पाणी पुढे शापोरा होऊन चोपड्याजवळून समुद्राकडे जाते, तिच्यावरील धरणाच्या कालव्यांनी ते गोव्याच्या शेतांकडेही वळवले आहे. आणि कालवा म्हटला की त्यावर असे पडदे आलेच.

पडदा उचलताना दांडा ताणला जातो. तेव्हा तो दोरीसारखा असतो, त्याच्या लांबीची चिंता नाही. पडदा खाली दाबताना मात्र तोच दांडा होडीवाल्याचा बांबू बनतो. पाण्याच्या दाबाने पडदा खाचेत घट्ट रुतलेला असतो, तळाशी गाळ किंवा एखादा दगड अडकलेला असतो. पडदा पुरता बसत नाही. चाक फिरवणारा मनुष्य मनात म्हणतो, आणखी दोन फेरे दिले की बसेल. त्याला स्वतःच्या बळाची कल्पना नसते. 50 सेंटीमीटरच्या दांडीवर त्याने 15 किलोचा जोर लावला आणि घर्षणात तीन चतुर्थांश बळ वाया गेले असे धरले, तरी सहा मिलिमीटरच्या आट्याचा स्क्रू पडद्यावर सुमारे दोन टनांचा दाब आणतो. आणि मघाचाच 29 मिलिमीटर गाभ्याचा दांडा, नटापासून पडद्यापर्यंत दोन मीटर मोकळा असेल, तर पावणेदोन टनांना वाकतो. म्हणजे एका साध्या माणसाचा एक हात पोलादाचा दांडा वाकवण्यास पुरेसा आहे.

दांडा एकदा वाकला की तो नटातून वरही येत नाही आणि खालीही जात नाही. पडदा अर्धवट उघडा राहतो. कालव्यावर हे घडले, तर पाणी वाया जाते. खाडीच्या तोंडाशी घडले, तर त्याची किंमत निराळी. पुढच्या भरतीला खारे पाणी आत शिरते आणि भाताच्या खाचरात बसलेले मीठ पावसाच्या पाण्याने धुऊन निघेपर्यंत ती जमीन पिकत नाही. यावर उपाय मांडववाल्यांचाच आहे. दोन मीटरच्या दांड्याला मध्यावर एक मार्गदर्शक कडे भिंतीतून बसवले, की मोकळी लांबी एक मीटर होते आणि सीमा पावणेदोन टनांवरून सात टनांवर जाते. एका कड्याचा खर्च तो किती! अशा स्क्रू-यंत्रांच्या रचनेसाठी भारतीय मानकही उपलब्ध आहे. मात्र मानक कपाटात असून भागत नाही, कडे भिंतीत असावे लागते.

दाबाखाली वाकणाऱ्या वस्तूंची उपेक्षा केवढी महाग पडते, याचा दाखला कॅनडातील क्वेबेक येथील पुलाने जगाला दिला. सेंट लॉरेन्स नदीवर त्या वेळचा सर्वांत लांब गाळ्याचा पूल उभारला जात होता. दाब सोसणाऱ्या त्याच्या प्रचंड खालच्या तुळयांना थोडा थोडा बाक येत असल्याचे कामावरच्या माणसांच्या ध्यानात आले होते. तो बाक मोजलाही गेला आणि वाढतही होता. त्यावर चर्चा झाली, पत्रव्यवहार झाला, निरोप गेले. काम मात्र चालू राहिले. 29 ऑगस्ट 1907 रोजी पूल कोसळला आणि 75 कामगार मृत्युमुखी पडले. ज्ञानाचा अभाव हे त्याचे कारण होतेच. परंतु दिसत असलेला बाक पाहून "थांबा" असे म्हणणारा अधिकारी त्या क्षणी तेथे नव्हता, हेही तितकेच खरे. पुढे तो पूल अधिक जाड तुळयांनी नव्याने बांधण्यात आला.

तेव्हा स्क्रू जॅक निवडणाऱ्याने कोणता क्रम पाळावा? प्रथम भार किती, हे पाहावे. आणि तो दाबाचा आहे की ताणाचा, हे ठरवावे. यंत्राची मांडणी उलटी करून दांडा ताणात ठेवणे शक्य असेल, तर बाकाचा प्रश्न मुळातच नाहीसा होतो. ते शक्य नसेल, तर दांडा जास्तीत जास्त किती बाहेर येणार आहे, ती लांबी मोजावी. कारण सर्वांत वाईट क्षण तोच. मग टोके कशी धरली आहेत, ते प्रामाणिकपणे मान्य करावे. शंका आल्यास दुबळा वर्ग धरावा. त्यानंतर गाभ्याचा व्यास घेऊन सीमा काढावी आणि तिचा चौथा हिस्सा हा आपला आकडा मानावा. तो अपुरा पडल्यास प्रथम लांबी कमी करता येते का ते पाहावे, नंतर मध्ये आधार देता येतो का ते पाहावे, आणि शेवटी व्यास वाढवावा. गाडीच्या बाबतीत लांबी कमी करण्याचा उपाय अगदी सोपा आहे. स्क्रू फार बाहेर काढण्याऐवजी जॅकच खाली रुंद, भक्कम लाकडी ठोकळ्यावर ठेवावा. खाजनाच्या मऊ मातीत तर रुंद फळीवाचून जॅक ठेवूच नये. एक बाजू खचली की सरळ भारही तिरका होतो आणि तिरक्या भाराला वरचे सारे हिशेब लागू पडत नाहीत.

आणि हे सारे करूनही जो नियम सर्वांत शेवटी येतो, तोच सर्वांत आधी पाळावयाचा आहे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. ओझे वर गेले की त्याखाली भक्कम ठोकळे किंवा स्टँड सरकवावे आणि मगच माणसाने आत जावे. गाडीखाली वाकून पाहणारा पोरसवदा क्लीनर जेव्हा म्हणतो, "उस्ताद, स्क्रू जरा कलल्यासारखा दिसतोय," तेव्हा उस्तादाने त्याला घाबरट म्हणून हसू नये. क्वेबेकच्या पुलावर जे शब्द वेळेवर ऐकले गेले नाहीत, तेच शब्द तो पोरगा उच्चारीत असतो. उस्तादाने आधी त्याला बाहेर बोलवावे, मग जॅक खाली घ्यावा, ठोकळा बदलावा आणि पुन्हा आरंभ करावा. त्यात दहा मिनिटे जातील.

शापोऱ्याच्या पाण्यातील होडीवाला बांबूला बाक येताच जोर वाढवीत नाही. तो हात खाली सरकवतो. बांबू मोडला तर नवा मिळेल, परंतु तोल गेला तर आपण पाण्यात पडू, हे तो जाणतो. आट्यांचा पोलादी दांडा बांबूहून कितीतरी कणखर खरा. पण बाकाचा नियम त्याला माफ केलेला नाही.